गोल्फचा बॉल निवडायचाय? ग्रीनपासून उलटं चालत या

ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, कडेपासून वीसेक पावलं मागे या. गवतात दोन बॉल शेजारी शेजारी ठेवा, एक युरेथेन या मऊ प्लॅस्टिकच्या कव्हरचा आणि एक आयोनोमर या कडक प्लॅस्टिकच्या कव्हरचा. दिसायला दोन्ही पांढरेशुभ्र, हातात घेतले तर वजनही तेवढंच. आता एकाच वेजने, म्हणजे बॉल उंच उडवणाऱ्या छोट्या क्लबने, सारख्याच जोराने दोन्ही मारा. पहिला ग्रीनवर पडतो, एक उडी घेतो, दुसऱ्या उडीला कुणी मागून सदरा धरल्यासारखा अडखळतो आणि दोन-तीन पावलं घरंगळून थांबतो. दुसराही पडतो जवळपास तिथेच, पण थांबायचं मनावर घेत नाही. एक उडी, दुसरी उडी, आणि मग रमतगमत होलच्या पुढे सहा-सात पावलं. पहिल्याला एक पट, म्हणजे ग्रीनवरून होलमध्ये घरंगळवायचा फटका, पुरेल, दुसऱ्याला बहुधा दोन लागतील.

हेच दोन बॉल घेऊन टीवर, म्हणजे होलची सुरुवात होते तिथे, जा आणि ड्रायव्हरने, सगळ्यात लांब मारणाऱ्या क्लबने, मारा. फेअरवेवर चालत जाऊन पाहिलंत तर कोणता लांब गेला हे सांगता येईल, पण का गेला हे नाही सांगता येणार. एक फटका क्लबच्या मधोमध बसला आणि दुसरा थोडा टाचेकडे बसला, की वीस यार्ड इकडचे तिकडे झालेच. त्यात बॉलचा वाटा किती आणि आपला किती, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

आणि तरीही बॉलच्या खोक्यावर सगळ्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं ते अंतर. आपणही टीवर उभं राहिल्याच्या थाटात बॉल निवडतो. मला ही दिशाच चुकीची वाटते. पार ७२ च्या, म्हणजे अठरा होल ७२ फटक्यांत पुरे व्हावेत अशी अपेक्षा असलेल्या, कोर्सचा हिशेब मांडा. प्रत्येक होलच्या पारमध्ये दोन पट धरलेले असतात, म्हणजे ३६ फटके ग्रीनवरच गेले. नेहमीच्या मांडणीतले चार पार-३, म्हणजे तीन फटक्यांचे छोटे होल, सोडले तर टीवरून ड्रायव्हर काढायची वेळ फार तर १४ वेळा येते. उरले आयर्नचे, म्हणजे मधल्या अंतराच्या क्लबचे, फटके, आणि आपल्यासारख्या हौशी माणसाच्या कार्डावर पारच्या वर चढलेले ते सगळे ग्रीनजवळचे छोटे फटके: जवळून मारलेले चिप, जरा लांबून उंच उडवलेले पिच आणि वाळूच्या बंकरमधले धुरळे. बॅगेत क्लब चौदापर्यंत ठेवता येतात, प्रत्येकाची पाळी कधीतरी येते. बॉल मात्र प्रत्येक फटक्याला हजर असतो. म्हणून बॉल जोखायची सुरुवात होलपासून करावी आणि मागे मागे टीपर्यंत यावं.

पण त्याआधी बॉल आतून असतो कसा, ते पाहू.

गाभा आणि साल

मी एकदा जुने, ओरखडलेले दोन बॉल वाइसमध्ये आवळून करवतीने मधोमध कापले. (फार जुना, रबरी धागा गुंडाळलेला बॉल असेल तर हा उद्योग करू नका. अशा काहींच्या पोटात दाबाखाली द्रव असतो, तो डोळ्यात उडू शकतो.) पहिला निघाला टू-पीस. जवळजवळ संपूर्ण बॉलभर रबराचा एकच घट्ट गोळा आणि त्याच्याभोवती जाड नखासारखी साल. दुसरा थ्री-पीस. त्यातही मोठा रबरी गाभा होता, पण त्याच्यावर वेगळ्या रंगाचा एक पातळ थर आणि सगळ्यात बाहेर इतकी बारीक साल की करवतीच्या पात्याने ती चुरगळून गेली. मी नखाने ओरबाडून पाहिली. पहिल्याच्या सालीवर नख घसरलं, दुसऱ्याच्या सालीत किंचित रुतलं. सुरुवातीला त्या दोन चिपमध्ये जे दिसलं, त्याचं कारण त्या नखाखाली होतं.

गाभा बहुतेक सगळ्या बॉलचा पॉलिब्युटाडाइन नावाच्या रबराचा असतो. जोर तिथून येतो. ड्रायव्हर बॉलला भिडतो तो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. तेवढ्यात बॉल चपटा होतो, पुन्हा फुगतो आणि क्लबच्या वेगाच्या दीडपटीच्या आसपास वेग घेऊन सुटतो. मधले थर असतात ते फिरकीचा ताळमेळ जमवायला, म्हणजे ड्रायव्हरला कमी आणि वेजला जास्त. आणि साल? लहान फटक्यात सगळा कारभार तिच्याच हातात असतो. वेजच्या तोंडावर खाचा असतात. मऊ युरेथेनची पातळ साल, तिच्याखालच्या कडक थरावर दाबली गेली की खाचांना चिकटून राहते आणि बॉल क्लबवर चढता चढता गरगर फिरायला लागतो. आयोनोमर कडक आणि गुळगुळीत, तो क्लबच्या तोंडावरून निसटतो. निसटलेला बॉल उंच उडतो, कमी फिरतो आणि खाली पडल्यावर पळतो. वेजच्या अर्ध्या फटक्यावर या दोन सालींमध्ये मिनिटाला दीड-दोन हजार फेऱ्यांचा फरक सहज पडतो.

आयोनोमरची बाजूही ऐकून घ्या. तो चिवट आहे. झाडाच्या बुंध्यावर आपटला, सिमेंटच्या वाटेवर टणकन उडाला, तरी पुसून पुन्हा खेळता येतो. ‘सर्लिन’ हे त्याचंच एक जुनं व्यापारी नाव. ज्याला अजून चिप जमिनीतून उकरावी लागते किंवा बॉलच्या डोक्यावर बसते, त्याला युरेथेनच्या फिरकीचा काही उपयोग नाही, कारण नीट न बसलेल्या फटक्याला फिरकी मिळतच नाही. अशा माणसाने खुशाल आयोनोमरचा टू-पीस बॉल वापरावा आणि हरवला तरी हळहळू नये. कॅलावेचा सुपरसॉफ्ट हा त्या जातीचा. टायटलिस्टचा प्रो व्ही१, टेलरमेडचा टीपी५ किंवा स्रिक्सनचा झेड-स्टार हे युरेथेनवाले. ‘टूर’ (व्यावसायिक खेळाडूंच्या स्पर्धांची मालिका) हा शब्द खोक्यावर दिसला म्हणून आत युरेथेन असेलच असं नाही. खोकं उलटं करून बारीक अक्षरात कव्हर कशाचं लिहिलंय ते वाचायचं. थर तीन की पाच, या चर्चेत मी स्वतः पडत नाही. पाच थरांचा असूनही तुमच्या हाताला न जमणारा बॉल असू शकतो. साल बघा, थर नंतर.

एके काळी ही निवड आजच्यापेक्षा कठीण होती. आधी चामड्याच्या पिशवीत पिसं ठासून भरलेला बॉल होता, मग १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा, म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेला भरीव बॉल आला. १८९८ मध्ये अमेरिकेत कोबर्न हॅस्केल यांनी गाभ्याभोवती ताणलेला रबरी धागा गुंडाळून बॉल केला. सँडी हर्ड यांनी १९०२ ची ब्रिटनमधली ओपन स्पर्धा त्या जातीच्या बॉलने जिंकली आणि गटापर्चाचे दिवस भरले. पुढे जवळपास शतकभर चांगले खेळाडू धाग्याचाच बॉल खेळत राहिले, वर बलाटाची, म्हणजे आणखी एका झाडाच्या चिकाची, मऊ साल असलेला. त्याला फिरकी भरपूर, पण वेजचा फटका जरा डोक्यावर बसला की सालीला हसऱ्या तोंडासारखी चीर. दुसरीकडे हौशी लोकांसाठी कडक टू-पीस बॉल होते. ते लांब जायचे, टिकायचे आणि ग्रीनवर पळायचे. थांबणारा हवा की लांब जाणारा, एकच मिळेल, असा तो काळ.

ही फाळणी मोडली २००० साली. त्या वर्षी टायगर वूड्स यांनी धाग्याचा बॉल सोडून भरीव गाभ्याचा, युरेथेनच्या सालीचा बॉल घेतला आणि जूनमध्ये पेबल बीचवरची यूएस ओपन १५ फटक्यांच्या फरकाने जिंकली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लास व्हेगासच्या स्पर्धेत प्रो व्ही१ टूरवर उतरला आणि पहिल्याच आठवड्यात ४७ खेळाडूंनी तो घेतला. धाग्याचे बॉल त्यानंतर बघता बघता नाहीसे झाले. आज तुम्ही जो युरेथेनचा बॉल हातात धरता, तो लांबही जातो आणि थांबतोही.

‘तुमच्या स्विंगला मऊ बॉल लागेल’

हे वाक्य प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलं असतं. त्यामागची कल्पना अशी, की हळू स्विंगच्या माणसाला कडक बॉल ‘दाबता’ येत नाही, त्याची ताकद वाया जाते, म्हणून त्याने कमी कम्प्रेशनचा बॉल घ्यावा. ऐकायला पटतं. मीही कित्येक वर्षं हे दुसऱ्यांना ठासून सांगत होतो.

कम्प्रेशन म्हणजे ठरावीक दाबाखाली बॉल किती दबतो, त्याचा आकडा. अगदी मऊ बॉल तीस-चाळिशीच्या घरात, टूरवरचे साधारण ८५ ते १०० च्या. सगळ्या कंपन्यांनी पाळावं असं त्याला एकच अधिकृत माप नाही, त्यामुळे एका कंपनीचा ७० आणि दुसरीचा ७० हे जुळे भाऊ समजू नयेत. पण मुद्दा तो नाही. कडक बॉलही प्रत्येक पुऱ्या स्विंगला दबतोच. ताशी ८० मैलांच्या ड्रायव्हरने मारला तरी दबतो, फक्त थोडा कमी. दबला नाही म्हणून अंतर गेलं, असं घडत नाही. उलट मऊ गाभा दाबताना जास्त ऊर्जा आतल्या आत जिरते, म्हणून जोरात मारणाऱ्यांच्या हातात अगदी मऊ बॉल किंचित हळू सुटतो. हळू स्विंगला हा तोटा इतका लहान होतो की दोन्ही बॉल जवळजवळ सारखेच पडतात. म्हणजे मऊ बॉलने हळू मारणाऱ्याला जास्त अंतर दिलं असं नाही, त्याच्याकडून काढून घेतलं नाही इतकंच.

मग मऊ बॉलचा उपयोग काय? एक म्हणजे हाताला येणारा अनुभव. काहींना पट मारताना ‘टक्’ असा आवाज आवडत नाही, ‘थप्’ हवा असतो. ही आवड खरी आहे आणि तिला किंमत द्यावी, कारण पट मारताना जोराचा अंदाज आपण कानानेही घेतो. दुसरं म्हणजे फिरकी. गाभा मऊ असला की पुऱ्या फटक्याला फिरकी साधारणपणे कमी मिळते. ज्याचा ड्रायव्हर उजवीकडे वळून जंगलात जातो, त्याला याचा थोडा फायदा होतो. बॉलला वेगळी अशी बाजूची फिरकी नसते. उलटी फिरकी असते आणि तिचा आस कलला की बॉल वळतो. एकूण फिरकी कमी झाली की वळणही थोडं कमी होतं. पण थोडंच. चाळीस यार्ड वळणारा स्लाइस पस्तीसवर आला तरी बॉल झाडांतच असतो. त्यावरचा उपाय खोक्यात मिळत नाही.

आणि इथे एक गंमत लपलेली आहे, जी हळू स्विंगवाल्यांनी नीट पाहावी. त्यांचा आयर्नचा फटका मुळात कमी उंच जातो आणि ग्रीनवर तिरका, सपाट उतरतो. फिरकीही बेताची. अशा बॉलला थांबायला मदत हवी असते. त्याच माणसाला आपण कमी फिरकीचा मऊ बॉल देतो आणि मग तो तक्रार करतो की सात आयर्न ग्रीनवर टिकत नाही. कित्येकदा अशा खेळाडूला उंच उडणारा आणि जास्त फिरणारा बॉल बरा पडतो, मग ड्रायव्हरला चार-पाच यार्ड गेले तरी चालतील. उलट ज्याचा बॉल फुग्यासारखा वर चढतो आणि वाऱ्यात अडकतो, त्याने कमी फिरकीचा पाहावा. वय, ताकद, हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा) यांवरून बॉल ठरवू नका. तुमचा बॉल हवेत कसा जातो आणि पडल्यावर काय करतो, ते पाहून ठरवा.

खळ्या कशाला

गटापर्चाच्या काळात खेळाडूंच्या लक्षात आलं की नवा गुळगुळीत बॉल धड उडत नाही आणि ठोके खाऊन खडबडीत झालेला बॉल मात्र झकास जातो. मग लोक नवे बॉल हातोडीने ठोकून वापरू लागले. विल्यम टेलर या इंग्रज अभियंत्याने १९०५ मध्ये बॉलवर गोल खळ्यांची रचना सुचवली आणि ती टिकली.

गुळगुळीत बॉलभोवतीची हवा त्याच्या पाठीमागे लवकर सुटते आणि मागे रुंद, घुसळलेली पोकळी तयार होते. ती पोकळी बॉलला मागे खेचते. खळ्यांमुळे बॉलच्या अंगालगतच्या हवेत बारीक खळबळ माजते, ती हवा बॉलला जास्त वेळ चिकटून राहते, पोकळी अरुंद होते आणि ओढ घटते. शिवाय उलट फिरणारा बॉल हवेला खाली ढकलतो आणि त्याला वर उचल मिळते. खळ्या नसलेला बॉल तेवढ्याच फटक्यात निम्म्याच्या आसपास जाईल. ३३६ खळ्या चांगल्या की ३९२, याची काळजी मात्र तुम्ही करू नका. बहुतेक बॉलवर ३०० ते ४०० च्या आसपास असतात आणि आकडा एकटा काहीच सांगत नाही. खोली, आकार, मांडणी सगळं मिळून उड्डाण ठरतं. तुम्ही बघायचं ते खळ्यांचं आरोग्य. सिमेंटवर घासून एका बाजूच्या खळ्या सपाट झालेला बॉल हवेत भलतीकडे जाऊ शकतो. तो सरावाला ठेवा.

नियमांनी बॉलला घट्ट बांधून ठेवलंय, हेही खोक्यावरच्या गर्जना वाचताना आठवावं. वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको, व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको. पूर्वी ब्रिटनकडे थोडा लहान, ४१.१५ मिलिमीटरचा बॉलही चालायचा आणि वाऱ्यात तो भेदून जायचा. ओपन स्पर्धेत मोठा बॉल १९७४ पासून सक्तीचा झाला आणि १९९० मध्ये लहान बॉल सगळीकडूनच गेला. बॉल सुटतानाच्या वेगालाही मर्यादा आहे आणि एकूण अंतरालाही. २००४ पासूनच्या चाचणीत यंत्राने ताशी १२० मैल वेगाने मारलेला बॉल ३१७ यार्ड, वर तीन यार्डांची सूट, एवढ्याच्या आत राहावा लागतो. डिसेंबर २०२३ मध्ये आर अँड ए आणि यूएसजीए या नियम करणाऱ्या संस्थांनी ही चाचणी आणखी कडक करायचं जाहीर केलं. सगळे मोठे उत्पादक या कुंपणाला नाक लावूनच उभे आहेत. तेव्हा ‘सर्वांत लांब’ असं दोघांनीही लिहिलं असेल, तर त्यातलं अंतर आपल्या एका चुकलेल्या स्विंगपेक्षा कमी आहे असं धरून चालावं.

चाचणी कशी घ्यायची

दोन किंवा फार तर तीन जातीचे बॉल घ्या, प्रत्येकी तीन. नवे किंवा सारख्याच अवस्थेतले. ड्रायव्हिंग रेंजवर मिळणारे बॉल यासाठी बाद. ते टिकावेत म्हणून बनवलेले असतात, कडक असतात आणि बरेचदा कमी अंतर जातात. त्यांच्यावरून काहीही ठरवू नका, अगदी आपलं सात आयर्नचं अंतरसुद्धा. बॉलवरचं नाव काळ्या मार्करने झाका आणि मित्राला खुणा करायला सांगा. हे मुद्दाम सांगतोय. नाव दिसलं की कानाला आवाजही भारी वाटायला लागतो. मी झाकलेल्या बॉलवर एकदा ज्याला ‘हा नक्की माझा नेहमीचा’ म्हटलं, तो भलताच निघाला होता.

संध्याकाळी कोर्स मोकळा असताना ग्रीनवर जा. आधी लांब पट, वीस-पंचवीस पावलांचे. इथे फक्त एवढंच पाहायचं की क्लबला बॉल लागल्याचा आवाज आणि धक्का आवडतोय का, आणि अंतराचा अंदाज कुठल्या बॉलला पटकन बसतोय. मग कडेवरून चिप, मग तीस-चाळीस यार्डांवरून पिच, मग बंकर. बॉल कुठे पडला आणि कुठे थांबला, ही दोन ठिकाणं वेगवेगळी लक्षात ठेवायची. पडलेल्या जागेपासून थांबलेल्या जागेपर्यंतचं अंतर हा या सगळ्या उपद्व्यापाचा गाभा आहे. एका जातीचा बॉल चार पावलं पळतो आणि दुसरा नऊ, आणि हे दर वेळी तसंच होतं, तर तुम्हाला मिळायची ती माहिती मिळाली. त्यात कमी पळणारा चांगला असंच काही नाही! काहींची चिप जमिनीलगत घरंगळत न्यायची सवय असते. त्यांना फार फिरणारा बॉल मध्येच ब्रेक लावून वैताग देतो. मात्र जो बॉल कधी चार तर कधी नऊ पळतो, तो बाजूला काढा. बॉलचा दोष आहे की तुमचा, ते थोड्या जास्त चिप मारून कळेल.

यानंतर सहा किंवा सात आयर्न. उंची पाहा आणि बॉल ग्रीनवर पडल्यावर किती पुढे सरकतो ते पाहा. लाँच मॉनिटर, म्हणजे बॉलचा वेग आणि फिरकी मोजणारं यंत्र, असलेल्या जागी जाता आलं तर उत्तमच. तिथे ड्रायव्हरची फिरकी मिनिटाला साधारण दोन ते तीन हजार आणि पिचिंग वेजची टूरवरच्या खेळाडूंना नऊ हजारांच्या आसपास दिसते. आपले आकडे तेवढे येणार नाहीत, यायची गरजही नाही. एकाच हाताने मारलेल्या दोन बॉलमधला फरक तेवढा पाहायचा. बंद खोलीतल्या जाळीत मात्र एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे पडल्यावरची उडी. म्हणून ग्रीनवरच्या चाचणीला पर्याय नाही.

ड्रायव्हर शेवटी. इथे बॉलने फक्त नापास होऊ नये, एवढीच अपेक्षा. फारच खाली पडला, फारच वर चढला किंवा नेहमीपेक्षा जास्त वळला तर काट मारा. नाहीतर ग्रीनने दिलेला निकाल कायम.

चाचणी घेतलेल्या दिवशी हवा कशी होती, हेही डोक्यात असू द्या. थंडीत रबर आळसावतं, बॉल कमी उसळतो आणि दाट हवा त्याला अडवते. थंड सकाळी एक बॉल आणि उबदार दुपारी दुसरा, अशी तुलना खोटी ठरेल. रात्रभर गाडीच्या डिकीत गारठलेले बॉल घेऊन पहिल्या टीवर जाण्यापेक्षा ते घरात ठेवलेले बरे. खेळण्यासाठी मुद्दाम बॉल तापवणं मात्र नियमात बसत नाही. बॉलचे गुण बदलावेत म्हणून तो गरम करणं, घासणं, त्यावर काही फासणं, सगळंच वर्ज्य.

एकच बॉल, आणि हरवलेल्यांचं काय

ठरलेला बॉल किमान महिनाभर बदलू नका. माझ्या मते कुठला बॉल निवडलात यापेक्षा हे जास्त मोलाचं आहे. पहिल्या होलला युरेथेन, तो तळ्यात गेला म्हणून दुसऱ्याला झुडपात सापडलेला कुठलासा मऊ बॉल, चौथ्याला बक्षीस म्हणून मिळालेला लोगोवाला. नियमाला यात काही वावगं नाही. नव्या होलच्या टीवर कुठलाही मान्य बॉल घेता येतो, स्पर्धेने एकाच जातीचा बॉल वापरायची स्थानिक अट घातली नसेल तर. होल चालू असताना मात्र मनात आलं म्हणून बॉल बदलता येत नाही. तो फुटला किंवा चिरला असेल तर चालतं, नुसता ओरखडा पुरत नाही. पण नियम चालवून घेतो म्हणून हात चालवून घेत नाही. चिप किती पळेल याचा अंदाज दर होलला नव्याने बांधायचा, तर तो अंदाज तयार तरी कधी होणार?

दर फेरीला पाच-सहा बॉल गमावत असाल, तर महागड्या युरेथेनचा आग्रह धरू नका. प्रत्येक तळ्यावरून मारताना मनात किंमत आली की स्विंग आखडतो, हे मी स्वतःवर पुरेसं पाहिलंय. अशा वेळी साधा, पण दर वेळी तोच बॉल घ्या. तळ्यातून काढून धुऊन विकलेले बॉलही चालतात, दोन गोष्टी तपासून. एक, तो नुसता धुतलेला आहे की वरचा रंग काढून पुन्हा रंगवलेला? पुन्हा रंगवलेल्याच्या खळ्यांत रंगाचे थर साचलेले असू शकतात आणि आतला बॉल छापलेल्या नावाचाच आहे याची खात्री उरत नाही. दोन, पिवळट, निस्तेज झालेला, कापलेला घेऊ नका. तो पाण्यात किती दिवस पडून होता, ते सांगायला कुणी नसतं.

रंग हवा तो घ्या. पिवळा मला पानगळीच्या गवतात पटकन दिसतो आणि शोधायला हल्ली वेळ तीनच मिनिटं असतो, २०१९ च्या आधी पाच असायचा. बॉलवरचा १, २, ३, ४ हा आकडा दर्जाचा किंवा कडकपणाचा नसतो, ओळखीपुरता असतो. आणि एकत्र खेळणाऱ्या चौघांपैकी दोघांकडे तीच कंपनी, तोच आकडा निघणं ही रोजची गोष्ट आहे. दुसऱ्याच्या बॉलवर फटका मारला तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात तिथे) दोन फटक्यांचा दंड आणि मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकायचा असतो तिथे) होलच गेला. त्यामुळे पहिल्या टीवर जाण्याआधी मार्कर काढा आणि आकड्याच्या दोन्ही बाजूंना आपले ठिपके द्या. माझे लाल रंगाचे तीन असतात, एका ओळीत. परवा रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, पानाखाली अर्धवट दडलेल्या बॉलवर त्यातला एकच ठिपका दिसत होता, तेवढा पुरला.